बँकॉक ते मोहाडी

बँकॉक ते कलकत्ता हे अंतर साधारण सोळाशे किलोमीटर. विमानाला अडीच तास लागतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे सकाळी साडेसातला निघालेला माणूस इकडच्या साडेआठलाच कलकत्त्यात उतरतो. पुढे दुसऱ्या विमानाने नागपूर, नागपूरहून गाडीने मोहाडी. मी हिशेब करून पाहिला तेव्हा पोहोचायला दुपारचे दोन होत होते. त्याच दिवशी तिथे भाचीचे लग्न होते. पत्रिकेवर मुहूर्त अकरा पस्तीसचा.

मी तांदळातले काळे दाणे वेचणारी जुनी मशीन घ्यायला गेलो होतो. पोती उचलण्यापासून सुरुवात करून मी स्वतःची राइस मिल उभी केली. सांगितलेल्या भावात आजवर काहीच घेतलेले नाही. विकणारा तिसऱ्या दिवशी सैल पडू लागला. तेव्हा निघालो असतो तर पुन्हा ताठ झाला असता. म्हणून एक दिवस जास्त राहिलो. शिवाय आमच्याकडची लग्ने मला माहीत होती. पत्रिकेवरची वेळ आचाऱ्यासाठी असते. वरात रस्ताभर नाचते, अक्षता पडेपर्यंत दोन-अडीच वाजतातच. बहिणीला मात्र 'अकराला पोहोचतो' असे सांगून ठेवले. खरा आकडा मी कोणालाच आधी सांगत नाही.

नवरीला हात धरून मांडवात आणायचे काम मामाचे. भाचीने फोनवर बजावले होते, "मामाजी, बाकी काही आणू नका जी, फक्त टाइमावर या."

दहाच्या सुमारास कलकत्त्याच्या विमानतळावर बहिणीचा फोन आला.

"दादा, वरात पोहोचून राहिली. तू कुठी आहेस?"

"कलकत्त्यात."

"कलकत्त्यात? तू त अकराले येतो म्हणे!"

"नाचू दे त्याइले. आपल्याकडे कोणतं लगन टाइमावर लागते?"

"हे चिखल्याच्या खाणीतले लोक आहेत, दादा. याइले चारच्या शिफ्टवर जा लागते. दहा मिनिटं नाचले अन् आटपलं!"

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही. शेजारची दोन माणसे उठून दुसरीकडे बसली, तेवढे आठवते.

मांडवात शिरलो तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि शेवटची पंगत बसली होती. भाचीला माझ्या धाकट्या भावाने मांडवात आणले होते. ती माझ्या पाया पडली. मी जेवलो नाही. नवऱ्याच्या वडिलांना गाठले आणि सगळ्यांसमोर विचारले, "मामासाठी दोन तास थांबता येत नव्हतं काय?"

ते खाणीत खाली उतरणारे गृहस्थ. आवाज न चढवता म्हणाले, "दोन दिवस आधी दोनचं सांगतलं असतं, त आमी शिफ्ट बदलून घेतली असती अन् मुहूर्तच दोनचा काढला असता जी. तुमी अकरा सांगतले, आमी अकरा धरले."

त्यांचा हिशेब बरोबर होता. पण कलकत्त्यातला फोन झाल्यावर बहिणीने त्यांना माझी खरी वेळ सांगायला हवी होती. ती म्हणते, लाज वाटली. हे मी अजून मान्य केलेले नाही.