मी सांगितलेलं वय

माझी पलटण आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेच्या ड्यूटीवर गेली, तेव्हा मी हवालदार होतो. निळं हेल्मेट, पांढऱ्या गाड्या, चारी बाजूंनी लाल माती. सोनपेठला परतल्यापासून लोक मला एकच विचारतात, तिकडं वाघ होते का. नव्हते. मी चेकपोस्टवर होतो आणि तिथं माझं काम बहुतेक लेकरांशीच असायचं.

सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन आपापल्या जागी तयार. साडेसहाला चहा. सातला बॅरियर उघडायचा. त्या रस्त्यानं हत्यारबंद टोळ्या शरण यायच्या. त्यांच्या ट्रकमध्ये माणसांच्या मधोमध मुलं बसलेली असायची, कुणी अकराचं, कुणी चौदाचं. काहींच्या अंगावर मोठ्या माणसाचा शर्ट आणि हातात रायफल. मुली स्वयंपाकाला आणि बाकी कशाकशाला ठेवलेल्या असत, ते इथं लिहवत नाही.

वय विचारायची आमची पद्धत ठरलेली होती. कमांडर सांगेल ते वय धरायचं नाही. तो कायम अठराच सांगतो. मुलाला त्याच्यापासून वीस पावलं बाजूला न्यायचं, आपली रायफल पाठीवर टाकायची, खाली बसायचं आणि दुभाष्याकरवी मुलालाच विचारायचं. शंका राहिली तर लहान समजायचं आणि बाल संरक्षणाची माणसं येईपर्यंत परत द्यायचं नाही.

एकदा एका कमांडरनं मुलगी सोडायला नकार दिला. म्हणाला, ही माझी बायको आहे. मी तिला बाजूला घेतलं. तिनं बोटांवर सांगितलं, तेरा. मी वायरलेसवर कंपनीला कळवलं.

"चार्ली वन, धिस इज चार्ली फोर. वन फीमेल चाइल्ड. कमांडर रिफ्यूजिंग. ओव्हर."

"चार्ली फोर, होल्ड हर. चाइल्ड परत जाणार नाही. ओव्हर."

कमांडरनं रायफलीचा सेफ्टी कॅच खाली केला. आमच्या मशीनगनवाल्यानं नेम धरला. चाळीस मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. मग तो थुंकला आणि ट्रकमध्ये चढला. मुलगी आमच्याकडे राहिली. त्या दिवशी मी स्वतःवर लय खूश होतो, खोटं कशाला सांगू.

मिशन संपल्यावर वीस दिवसांची सुट्टी मिळाली. परभणी स्टेशनवर उतरलो तेव्हा दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, गाडी घेऊन आले होते. शिवानीचं लग्न ठरलं होतं. शिवानी माझी सख्खी भाची. आमच्याकडे नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं, म्हणून तारीख माझी सुट्टी बघून धरलेली. मी आलो नसतो तर ते लग्न पुढं गेलं असतं, एवढं त्यातून मला कळायला हवं होतं.

शिवानीचं वय मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी भरती झालो त्याच महिन्यात ती जन्मली, ट्रेनिंग सेंटरवर पेढ्यांचं पार्सल आलं होतं. माझी सर्व्हिस झाली होती पंधरा वर्षं.

अक्काच्या घरी पोचल्यावर मी विषय काढला.

"अक्का, लहान हाय गं ती अजून."

"माझं लगीन झालं तवा मी किती होते? तू गाडीमागं पळत आला हुतास रडत. ध्यानात हाय का?"

"तवाचं वेगळं होतं."

"काय वेगळं? गावात शाळा नववीपस्तोर. पुढं रोज एसटीनं सोनपेठला धाडायची, कोण कुठं थांबतंय, कोण काय बोलतंय, जिवाला घोर. पोरगं सेलूला जिनिंगमधी हाय, निर्व्यसनी. तू चार दिसांचा पाव्हणा. गप ऱ्हा."

मी विषय सोडला. पलटणीत तीस जवानांना आवाज देणारा मी बहिणीपुढं अजून धाकटाच आहे.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी अंगणात माणसं जमली आणि मला गोष्टी सांगायला लावल्या. मी त्या तेरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली. चाळीस मिनिटं जरा रंगवूनच सांगितली. शिवानी हळदीच्या हातांनी दाराला टेकून उभी होती.

"मामा, मंग त्या पोरीचं काय झालं?"

"शाळेत घातली तिला."

"तिच्या घरच्यांनी घातली?"

"न्हाई. आमी."

ती आत गेली. तिनं काय ऐकलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

लग्न बारा पस्तीसचं होतं. बारा दहाला ग्रामसेवक आणि एक महिला पोलीस मांडवाच्या दारात आले. मुलांच्या हेल्पलाइनला सकाळी फोन गेला होता, नवरी लहान आहे म्हणून. आवाज मुलीचा होता, एवढंच त्यांना माहीत. वाजंत्री थांबली. शाळेचा दाखला मागितला तर दाजी म्हणाले, सापडत नाही. वऱ्हाड उठून उभं राहिलं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

ग्रामसेवकानं मला ओळखलं. दोनच दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीत त्यानंच माझा सत्कार केला होता.

"फौजी, तुमीच सांगा. तुमच्या शब्दावर आमी जातो."

महिला पोलीस म्हणाली, "थांबा साहेब. मुलीला पाच मिनिटं बाजूला घेऊन विचारू द्या."

बरोबर बोलत होती बाई. माझ्याच कामाची पद्धत ती मला सांगत होती.

मी म्हणालो, "गरज नाही. अठरा पूर्ण आहेत. मी सख्खा मामा आहे. लेखी देतो."

ग्रामसेवकानं कागद पुढं केला. मी वय लिहिलं, नाव लिहिलं, नावापुढं हवालदार लिहिलं आणि सही केली. पोलीस बाईनं तो कागद दोनदा वाचला. माझ्या फेट्याकडे एकदा पाहिलं. मग दोघं मोटरसायकलवर बसून गेले. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.

लग्न लावणाऱ्या स्वामींनी माईकवरून सांगितलं, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. मी आतल्या खोलीत गेलो. शिवानी तयार होऊन उभी होती. मी तिचा हात धरला. दारापाशी ती थांबली आणि अगदी हळू बोलली.

"मामा, फोन मीच केला होता."

मी म्हणालो, "चल. माणसं खोळंबलीत."

ती चालली. मुंडावळ्यांमुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. दिसला असता तरी मी थांबलो असतो का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. मला वाटतं, नसतो. इज्जतीपुढं मी घाबरलो होतो. रायफल रोखलेल्या माणसापुढं मी कधी घाबरलो नाही, पण त्या मांडवात घाबरलो.

चौदा महिन्यांनी दाजींचा फोन आला. मी तेव्हा पुन्हा सुट्टीवर होतो. शिवानीला बाळंतपणासाठी परभणीला आणलं होतं. मी दुपारी दोनला पोचलो. बाळ आधीच गेलं होतं. तीन वीसला शिवानी गेली. डॉक्टर आणि नर्सनी करता येईल ते सगळं केलं, मी काचेतून पाहत होतो. रक्त थांबत नव्हतं. अंगात काही नव्हतंच, असं नर्स म्हणाली.

नंतर तीच नर्स कागद घेऊन बाहेर आली.

"पेशंटचं वय?"

जावयानं दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सवय झाली होती.

"सोळा," मी म्हणालो.

नर्सनं मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं. नंतर पोलीस आले. लग्नातला कागद निघाला. त्यांनी विचारलं, सही तुमची? मी म्हणालो, सही माझी, वय खोटं. केस चालू आहे. वकील म्हणतात, नजरचुकीनं लिहिलं असं सांगा. मी सांगणार नाही.

अक्का माझ्याशी पोलीस आले त्या दिवशी शेवटचं बोलली.

"आता खरं बोलून काय करायलास? तवा बोलला असतास तर मी तुला शिव्या दिल्या असत्या. पर लेकरू ऱ्हायलं असतं."

ती आता मला दारात उभं करत नाही. तिचं बरोबर आहे.

मी आता रिटायर झालोय. आमच्या कंपनीचे दोघं त्या मिशनवरून परत आले नाहीत, लान्स नायक पवार आणि शिपाई कांबळे. पलटणीच्या स्मृतिदिनी सकाळी आठला मी घरीच सावधान उभा राहतो, त्यांची नावं घेतो, आणि त्यानंतर शिवानीचं घेतो. बायको विचारत नाही. जखमी पवार आणि कांबळेंपर्यंत मदत पोचायला तीन तास लागले, रस्ता खचला होता. शिवानीची मदत वेळेवर आली होती. तिनं स्वतः बोलावलेली, बारा दहाला दारात उभी होती. ती मी सही करून परत पाठवली.