हाक मारायचा मान

"आरं, जजसायबाच्या म्होरं पाण्याचा गिलास तूच ठेवतोस न्हवं? मग ठेवता ठेवता एक सबुद टाकलास तर जीब झडंल व्हय तुजी?"

दहिवडीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात फडक्यातली भाकरी सोडत मनुबाई थोरल्या बहिणीच्या तोऱ्यात म्हणाली. पुतण्या इंद्रजितानं काट्या टाकून तिच्या रानाची वाट अडवलेली. त्या दाव्याची आज तारीख. आणि तिचा पाठचा भाऊ गुंडा त्याच कोर्टात पुकारा करणारा पट्टेवाला. 'कोर्टातच गुंडा ठेवलाय, मग चोरानं जावं कुटं?' हा विनोद अख्ख्या तालुक्यानं करून झाला होता.

"न्हाई टाकता येत, आक्का."

"आमदार म्हणतो, आमी नुस्तं कायदं करतो. फौजदार म्हणतो, कोर्टाचा हुकूम आण. आन तू ह्ये आसा. समदं सरकार एकच न्हवं?"

गुंडानं भाकरीचा तुकडा मोडला. "आपल्या जत्रंत पूजा गुरवाची, पालखी भोयांची, सासनकाठी नाचवायचा मान आपल्या घरचा. उद्या गुरव म्हणला, पालखी बी मीच फिरवतो, तर?"

"टकुरी फुटतील."

"तसंच हाय ह्ये. कायदा करणारा येगळा, राबवणारा येगळा, निवाडा देणारा येगळा. आज मी सबुद टाकला, तर उद्या इंद्रजित बी कुणाकडनं तरी टाकंल."

"आन तुजा मान कंचा रं त्यात?"

"हाक मारायचा."

मनुबाईनं त्याच्या म्होरची भाकरी उचलली, फडक्यात घातली, गाठ मारली. "मग मार हाका. मला भाऊ न्हाई आजपास्नं."

ती लिंबाच्या पारावर पाठ करून बसली.

सबुद न टाकणारा माणूस कुणाच्या काय कामाचा? भावकीनं गुंडाला लग्नकार्याला बोलवायचं कधीच सोडलं होतं. बायको वारल्यावर भाड्याच्या खोलीत एक ताट, एक तांब्या. बाजारच्या दिवशी दारात 'गुंड्या' म्हणून हाक यायची ती तेवढी मनुबाईची.

घंटा झाली. गुंडा तोंड पुसून दारात उभा राहिला. जन्मात त्यानं थोरल्या बहिणीचं नाव घेतलं नव्हतं; बोलायला लागला तेव्हापासून तोंडात 'आक्का'च. कोर्टात आक्का चालत नाही.

"मनुबाई ज्योतिबा वीरकर, हाजीर हाय का?"

पाठ हलली नाही. पुन्हा ओरडला. पारावरची माणसं तिच्याकडं बघायला लागली. ती आत गेली नसती तर दावा गैरहजेरीत निकाली निघाला असता, आणि जाऊन तिचा खांदा हलवायचा मान काही गुंडाचा नव्हता. तिसऱ्यांदा त्यानं बेंबीच्या देठापासून हाक दिली. लिंबावरचं कावळं उठलं.

मनुबाई उठली. भाकरीचं फडकं काखेत धरून त्याच्या अंगाला घासून आत गेली.

"हाजीर हाय म्हणावं," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

गुंडानं आत जाऊन ते तसंच सांगितलं. मग पोटात कावळं वरडत असताना, तो दारात येऊन पुढलं नाव पुकारायला लागला.