पाड्यावरची गेलेली रेंज

शेणवे गावाच्या पुढे एका मोबाइल टॉवरवर दोन अँटेनांच्या केबल उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. दोन हजारनंतरच्या दशकात, जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही त्या सरळ केल्या. त्याच दुपारी डोंगराकडच्या पाड्यावरची रेंज गेली.

कारण साधं होतं. आराखड्याप्रमाणे रस्त्याच्या दिशेला सिग्नलची जास्त ताकद द्यायची होती, डोंगराकडे कमी. टॉवर उभारणाऱ्यांच्या चुकीमुळे रस्त्याची ताकद डोंगराकडे जात राहिली. रस्त्यावरून तक्रारी यायच्या, पाड्यावरून एकही नाही. तपासणी आणि देखभाल हे माझं काम. वर चढणारा सहकारी मुरबाडकडचा होता. त्याने केबल बदलल्या, मी खाली मीटर लावून मोजमाप घेतलं, मुंबईच्या कंट्रोल रूमने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आम्ही डबे उघडले.

डबा अर्धा झाला होता तेव्हा पाड्यावरून एक बाई उतरून आली. हातात मोबाइल, मागे दोन तरणे पुतणे.

"तुमी काय केलं रे वरती? सकाळी रेंज होती, आता नाय."

"दुरुस्ती केली, मावशी," सहकारी म्हणाला.

"अशी असते दुरुस्ती?"

त्याने डब्याला झाकण लावलं.

तिची मुलगी कल्याणच्या रुग्णालयात बाळंतपणासाठी होती. रक्त लागू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लागलंच तर जावयाने रुग्णालयासमोरच्या पीसीओ बूथवरून मिस्ड कॉल द्यायचा आणि पुतण्यांनी निघायचं, असं ठरलं होतं. बोललं की पैसे पडतात, नुसत्या रिंगचे पडत नाहीत. त्या काळी बरेच निरोप असेच जात. टॉवरपाशी तिच्या फोनला पूर्ण रेंज आली. पण रेंज नव्हती तेवढ्यात जावयाने फोन लावला होता का, हे फोनवर दिसणार नव्हतं.

बूथचा नंबर कळावा म्हणून जावयाने आदल्या दिवशी एक मिस्ड कॉल दिला होता. तो नंबर घेऊन मी पीसीओला फोन लावला.

"इथं दिवसभर माणसं येतात. कुणाला हाक मारू?"

मी बाईला विचारून जावयाचं वर्णन सांगितलं.

"पांढरा शर्ट? सगळेच पांढऱ्या शर्टातले," म्हणत पीसीओवाल्याने फोन ठेवला.

बाईच्या फोनला कोणाचा कॉल आला होता, ते कंट्रोल रूमला दिसत नव्हतं. पाड्याकडची ताकद वाढवायला प्लॅनिंग विभागाची परवानगी हवी होती. उद्या मेल करा, असं उत्तर मिळालं.

"परत उलटं जोडू?" सहकाऱ्याने विचारलं.

"जोड, नायतर नको जोडू. गेलेली रिंग येणार हाय का?" बाई म्हणाली.

ती रस्ता आणि टॉवर यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहिली. दर फेरीला विचारायची, "चालू हाय ना?" खात्रीसाठी मी माझ्या फोनवरून तिच्या फोनला रिंग द्यायचो. रिंग वाजली की दोघे पुतणे उठून उभे राहायचे.

"तू नको वाजवू रे," शेवटी ती म्हणाली. "जीव जातो."

पुतणे वीटभट्टीवर कामाला होते. उगाच खाडा झाला तर भट्टीवाला परत घेणार नाही, असं थोरला दोनदा म्हणाला.

आसनगाव स्टेशनला जाणारी शेवटची जीप आली. चालकाने हॉर्न दाबून धरला.

"पोरं चढवायची तर चढव, मावशी. तुझा जावई फोन करील तवर मी काय रस्त्यात घर बांधू?"

"चढा," ती पुतण्यांना म्हणाली.

"रिंग नाय आली, काकी," धाकटा म्हणाला.

"आली असंल. बस तू."

जीप गेली. आम्ही अवजारं गाडीत भरली, पण निघालो नाही. ऊन उतरल्यावर तिचा फोन वाजला. या वेळी तो एका रिंगमध्ये तुटला नाही, तिने उचलला. दुपारी लावला तर लागला नाही, मग रक्तपेढीच्या धावपळीत राहिलं, पोरं कधी निघतात, असं जावई विचारत होता.

"आसनगावला पोचली असतील," ती म्हणाली.

पुढचं जीपवाल्याकडून कळलं. धाकट्याचं रक्त जुळलं आणि रात्री ते मुलीला चढवलं. काही दिवसांनी मुलगी बाळाला घेऊन त्याच्याच जीपमधून आली. पाड्यावर तेव्हाही रेंज नव्हती.