आठवड्याला एक खोडरबर

काचवाल्या ताई मुळात तापट नव्हत्या. शाळेने त्यांना तसं केलं.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या सोळा वर्षं एकाच स्टुलावर बसत आल्या होत्या. समोर फिरणारा दगड, त्यावर ठिबकणारं पाणी. काचेची कड दगडावर घासायची, फ्रेमला लावून बघायची, बसली नाही की पुन्हा घासायची. केसभर जास्त घासली की काच फुकट. ताईंच्या हातून फुकट गेलेल्या काचा मालकाला बोटांवर मोजता आल्या असत्या. अशा चिवट बाईच्या संयमाचा अंत एका तिसरीच्या वर्गाने बघावा, याला काय म्हणायचं!

त्या वर्गात त्यांची लेक होती. शेजारीपाजारी तिला टकळी म्हणायचे, आणि उगीच नाही. दात घासतानासुद्धा तिचं तोंड चालू. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग डोकं खाली का दिसत नाही? दगडावर घासलेली काच जाते कुठे? कामावरून दमून आलेल्या ताई कधीकधी हात जोडायच्या, "बाई गं, पाच मिनिटं गप्प बस. माझं डोकं खाऊ नकोस." नंतर हे आठवलं की त्यांना स्वतःचाच राग यायचा.

वर्ष सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच वहीत तक्रार आली. 'काम सर्वांच्या आधी संपवते व इतरांशी बोलते.' ताईंनी सही केली आणि मनात म्हणाल्या, संपवते ना? मग पुढचं द्या की! शाळेने पुढचं दिलं नाही. तेच पुन्हा लिहायला लावलं. तेही झालं, तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट. घंटा होईपर्यंत.

ताईंना हे नवं नव्हतं. त्याही गणितं झटपट सोडवायच्या. बक्षीस म्हणून त्यांना खडू आणायला, फळा पुसायला, बाकीच्यांच्या वह्या गोळा करायला धाडलं जायचं. नववीपर्यंत इतके फळे पुसले की शाळेचाच वीट आला, आणि त्यांनी ती सोडली. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी घट्ट धरली होती.

मग तक्रारी थांबल्या. ताईंना हायसं वाटलं. फक्त खोडरबर संपायला लागले. आठवड्याला एक!

"खातेस की काय गं?" ताई ओरडल्या. "इतकं चुकतं तरी काय तुझं?"

टकळीने वही पोटाशी धरली. ताईंनी तिची वही ओढून घेतली. पानं झिजून पातळ झालेली, एका ठिकाणी चक्क भोक. काचेवर चरा आहे का ते बघतात तसं त्यांनी पान दिव्यासमोर धरलं. पुसलेला आकडा खालून पुसट दिसत होता. खाली सत्तावीस, वर सत्तावीस. पुढच्या गणितात खाली चौसष्ट, वरही चौसष्ट.

"बरोबर होतं की! मग पुसलंस कशाला?"

"लवकर झालं की घडी घालून बसावं लागतं," टकळी म्हणाली. "पुसत बसलं की बाई काही म्हणत नाहीत."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ताई शाळेत गेल्या. वर्गबाईंनी मोठ्या बाईंकडे बोट दाखवलं. मोठ्या बाईंच्या टेबलावर कागदांचा डोंगर होता आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता. ताईंच्या नजरेने तो आधी टिपला.

"तिला चौथीचं गणित द्या," ताई म्हणाल्या.

"आणि पुढच्या वर्षी काय करेल ती?"

"पाचवीचं!"

"असं चालत नाही हो. सगळ्यांना एकच नियम."

"अहो, आमच्या दुकानात सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा दिला तर लोक आम्हाला जोड्याने मारतील."

मोठ्या बाईंनी घसरलेला चष्मा वर सारला. "तुमच्याकडे एका वेळी एकाचे डोळे तपासतात, ताई. माझ्या एका बाईंपुढे चौपन्न बसतात. सांगा, कसं करू?"

ताई चिडून ताडकन उठल्या. घरी येईपर्यंत त्या रस्त्यात एकट्याच भांडत होत्या. महिन्याभराने पुन्हा गेल्या. 'बघू' झालं. तिसऱ्यांदा गेल्या त्या सहामाही निकालाच्या दिवशी, आणि खुर्चीत बसूनच राहिल्या. शेवटी मोठ्या बाई कंटाळल्या. "बरं. काम झालं की चौथीचं पुस्तक काढू दे. पण आवाज नको."

जिंकलो! शेजारणीकडून चौथीचं पुस्तक मागून घेऊनच ताई घरात शिरल्या. पर्स न ठेवताच त्यांनी हातातलं प्रगतिपुस्तक उघडलं. शेरा होता: 'वर्तनात समाधानकारक सुधारणा. शांत बसते.'

"मरो तो शेरा," ताई म्हणाल्या. "हे बघ काय आणलंय! कर बरं पहिलं गणित."

टकळीने निमूटपणे वही घेतली. गणित वाचलं, उत्तर लिहिलं. अगदी बरोबर, एका झटक्यात. ताईंना नाचावंसं वाटलं. तेवढ्यात पोरीचा हात खोडरबराकडे गेला. उत्तर पुसलं, फुंकर मारली, तेच पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसायला लागली.

"अगं, इथे कोण बघतंय? घरी आहेस तू!" ताईंनी खोडरबर हिसकावून घेतला.

टकळी रडली नाही, भांडली नाही. तिने पाठ ताठ केली, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"बोल की गं," ताई म्हणाल्या. "काहीतरी विचार. खा माझं डोकं."

पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली होती.