तिसरा डोस आणि जाऊबाईंचे सात फोन

गल्लीत त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत, आणि ते नाव त्यांनी कष्टाने कमावले होते. एकतीस वर्षे त्यांनी एकाच शिवणदुकानात कापड कापले. दुकान त्यांचे आणि थोरल्या जावेचे, असे दोघींचे होते. जाऊबाई पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलत आणि वहीत मापे लिहीत. कात्रीबाई मागच्या टेबलावर कापत. वहीत जे नसे ते कात्रीबाईंच्या डोक्यात असे. कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोणाच्या पाठीला बाक आहे, माप देताना कोण श्वास रोखून पोट आत घेते, हे सारे त्यांना पाठ होते. त्या वहीकडे एकदा पाहत, गिऱ्हाइकाकडे दोनदा पाहत, आणि मगच खडू उचलत.

चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली. पुढे दर तीन आठवड्यांनी एक, असे केमोथेरपीचे सहा डोस ठरले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणि त्यांच्या लेकीला समोर बसवून स्पष्ट सांगितले होते की डोसानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, क्षुल्लक जंतूही मग भारी पडतो. म्हणून ताप शंभराच्या पुढे गेला की कोणतीही वेळ असो, तडक रुग्णालय गाठायचे. आपल्या मनाने गोळी घेऊन ताप दाबायचा नाही. कात्रीबाईंनी मान डोलावली होती.

दुसऱ्या डोसाला तीन दिवस झाले होते, तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाचा, वकीलबाईंचा, फोन आला.

"कात्रीबाई, तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, तुम्ही आता काही परत येत नाही. कापड कापायला नवा कटर ठेवलाय त्यांनी. ऐकून फार वाईट वाटलं हो."

"परत येत नाही, असं म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'तिचं आता काही खरं नाही.'"

कात्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोक्यावर एक केस उरला नव्हता, नाहीतर तोही ताठ उभा राहिला असता. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या कोटाचं कापड दुकानातून परत मागा आणि माझ्या घरी पाठवा. तिसऱ्या डोसाच्या आत कोट तयार करून देते. तो घालून एकदा दुकानासमोरून चालत जा. फक्त चालत जा."

कापड आले. लेक कामावर गेली की कात्रीबाई जेवणाचे टेबल पुसून कोट मांडत. अंग थकत होते, पण राग थकत नव्हता. आणि येथेच त्यांच्याकडून ती चूक झाली, जी शिंप्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही. टाचण्या ओठांत धरल्याशिवाय त्यांचे हात चालत नसत. औषधाने तोंड आतून सोलवटून निघाले होते, घासभर मऊ भातही झोंबत होता. तरी जुन्या डबीतल्या टाचण्या त्यांनी सवयीने ओठांत धरल्या. एक गालाला आतून टोचली. रक्ताची चव आली, ती त्यांनी पाण्याबरोबर गिळली.

डोसानंतर सातव्या दिवशी गाल सुजला. ताप मोजला तर एकशे एक. लेकीला सांगितले असते तर कोट राहिला असता, डोसही पुढे गेला असता. त्यांनी तापाची गोळी घेतली आणि काज करायला बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. तिसऱ्या दिवशी लेक संध्याकाळी घरी आली, तेव्हा आई कोट अंगावर ओढून कुडकुडत होती आणि तिला धड बोलताही येत नव्हते.

रुग्णालयात पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर निघाल्या. गालातला पू काढावा लागला. दिवसातून तीनदा सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झाले.

"तोंडाला काय लागलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"टाचण्या."

"तोंडात टाचण्या? कशासाठी?"

"मग ठेवायच्या कुठे? दोन्ही हात कामात असतात ना."

"आणि दोन दिवस ताप लपवलात?"

"कोट राहिला होता."

"आता डोसही राहणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी एक दिवस लपवला असता, तर मी इथे कोणाशी बोलत असते, सांगा."

तिसऱ्या डोसाचा ठरलेला दिवस आला आणि तसाच गेला. पेशी वाढल्या नव्हत्या; डोस एक आठवडा पुढे ढकलला. गाठीचा एखादा कण मागे उरला असेल तर त्याला हा आठवडा फुकट मिळाला, हा विचार कात्रीबाईंच्या मनातून जाईना. त्या छताकडे पाहत जावेला शिक्षा ठरवू लागल्या. आधी वाटले, सगळी गिऱ्हाइके तिला सोडून जावीत. मग वाटले, तिच्याही तोंडात असेच फोड यावेत, म्हणजे गोड बोलणे बाहेर पडताना झोंबेल.

त्याच दुपारी तोंडावर मास्क बांधून जाऊबाई दारात उभ्या राहिल्या. परिचारिकेने दहा मिनिटे दिली होती.

"कशी आहेस गं?"

"जिवंत आहे. तुमची अडचण झाली."

"असं काय बोलतेस! अगं, त्या कटरनं घात केला. वहीबरहुकूम कापतो मेला. सात जणींचे कपडे परत आलेत. कोणाचा खांदा कसा, कोणाची पाठ कशी, तेवढं सांग ना मला. मी लिहून घेते."

कात्रीबाईंच्या मनात आले की उजव्याऐवजी डावा खांदा सांगावा. सातही उलटे सांगावेत. शब्द जिभेवर आलेही होते. परंतु सात जणींचे चांगले कापड वाया गेले असते, आणि ते त्यांना बघवले नसते. जावेची दया मात्र मुळीच आली नाही.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी एकेकीला फोन लावा. स्पीकरवर. म्हणा, ती परत येणार आहे, मी खोटं बोलले. एक फोन झाला की एक खांदा सांगेन."

"इथे? सगळ्यांदेखत?"

"तुम्ही काय माझ्या कानात सांगितलं होतं?"

जाऊबाईंनी पहिला फोन लावला. आवाज मास्कमध्येच घुसमटत होता.

"जरा मोठ्यानं. पलीकडच्या खाटेवरच्या मावशींना ऐकू आलं नाही."

"आलं, आलं," मावशी म्हणाल्या. "पण पुन्हा म्हणा, छान वाटलं."

पाचव्या फोनाला परिचारिका वेळ संपली म्हणून सांगायला आली आणि सातवा संपेपर्यंत तशीच उभी राहिली. प्रत्येक फोनानंतर कात्रीबाईंनी खरेच सांगितले: हिचा डावा खांदा अर्धा इंच खाली, तिच्या पाठीला पाऊण इंच जास्त.

"झालं समाधान?" जाऊबाईंनी डोळे पुसत विचारले.

"नाही," कात्रीबाई म्हणाल्या, आणि ते खरे होते.

पुढच्या आठवड्यात रक्त तपासले, पेशी पुन्हा कमीच. आणखी सात दिवस. जाऊबाई सात वेळा खोट्या पडल्या होत्या, तरी रक्तात त्याची काही नोंद नव्हती. त्या दिवशी कात्रीबाई भिंतीकडे तोंड करून प्रथमच रडल्या. तिसरा डोस अखेर चौदा दिवस उशिरा लागला. कोट त्यांनी लेकीकडून वकीलबाईंना अर्धवटच परत पाठवला.

डोसानंतर दहाव्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी काखेत थर्मामीटर लावला. शंभर आणि वर तीन रेषा. तापाच्या गोळीचा डबा हाताशीच होता. त्यांनी तो दूर सारला आणि लेकीला कामावर फोन केला.

"ताप आलाय. ये आणि गाडी बोलाव."

"आई, तू स्वतःहून सांगतेस?"

"मी गेले तर तुझी काकू माझं टेबल त्या कटरला देईल. लवकर ये."