खिडकीतला पालथा कप

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला रक्तदान शिबिर असे. त्या वर्षी मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि गेले आठ महिने पाळी आली नव्हती. टेबलाशी बसलेल्या मुलीला मी म्हणाले, "घे बाई, आता बाहेर जायचं बंद झालंय, नुसतं साठून काय करायचंय?" बाजूच्या बायका खो खो हसल्या. मला बिस्किटांचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, टीव्हीवर उभं करून ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

तीन आठवड्यांनी रक्तपेढीचा फोन शाळेत आला. मी राहायला अंबरनाथ पश्चिमेला आणि नोकरीला उल्हासनगरच्या एका शाळेत कारकून. फोनवर फक्त 'येऊन भेटा' एवढंच सांगितलं. गेले तर कळलं, माझ्या रक्तात हेपॅटायटिस सी आहे. तिथून मला एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. कधी रक्त चढवलं होतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुलगी झाली तेव्हा मला दोन बाटल्या चढवल्या होत्या. त्या रक्तामुळे मी वाचले होते, आणि बहुतेक त्यातूनच तो विषाणू येऊन वीस वर्षं माझ्या लिव्हरमध्ये बिऱ्हाड करून राहिला होता.

"थकवा येतो?" बाईंनी विचारलं.

येत होता. शाळेचा जिना चढताना दोनदा थांबायला लागायचं. पण मी सगळंच पाळी जाण्याच्या माथी मारलं होतं. भर वर्गात शिरून हजेरीपत्रक देताना घाम फुटला, पाळी. पाय दुखले, पाळी. नवऱ्यावर खेकसले, तीही पाळी. शाळेतल्या बायका म्हणत, "वयाचं आहे गं, निभावून जातं." मला ते ऐकायला आवडे. वयाच्या दुखण्यासाठी कोणी दवाखान्यात धाडत नाही.

डॉक्टरबाई सिंधी होत्या, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. "देखो," त्या म्हणाल्या, "पाळी असते तोपर्यंत बाईचे हार्मोन्स लिव्हरला थोडं सांभाळतात. ते गेले की लिव्हर जल्दी खराब होऊ शकतं. सुई घालून छोटा तुकडा काढून बघायला लागेल, किती कडक झालंय ते. उस दिन घरातलं कोणीतरी सोबत पाहिजे. टालना मत."

मी टाळलं. चांगलं चार महिने टाळलं. सुईला मी भीत नव्हते. भीती होती ती घरातल्या माणसाला सोबत न्यायची, कारण मग सांगावं लागलं असतं. त्या काळात रक्तात व्हायरस आहे म्हटलं की लोकांच्या मनात एकच रोग यायचा आणि मग त्या बाईकडे बघायची नजरच बदलायची. नवरा तसा भला माणूस, पण त्याच्या नजरेचीसुद्धा मला खात्री नव्हती. रोज सकाळी मी मनात म्हणायचे, पुढच्या सोमवारी सांगू. सोमवार येत आणि जात.

पहिल्याच दिवशी एक मात्र केलं. स्वयंपाकघरातला एक निळ्या काठाचा कप मी स्वतःसाठी वेगळा काढला. त्यातच चहा, त्यातच पाणी. प्यायले की लगेच धुऊन खिडकीत पालथा घालायचे, बाकीच्या भांड्यांत मिसळू द्यायचे नाही. सोबत खाण्यापिण्याने हा रोग लागत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण मुलीच्या तोंडाकडे बघितलं की त्यावर विश्वास बसेना. घरात सांगितलं की माझा घसा बरा नाही.

एका रविवारी सकाळी मी ओट्याशी उभी राहून चहा पीत होते. आत्याबाई आत आल्या. त्या मूळच्या देशावरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि हातात काठी असली तरी नजर घारीची.

"ह्यो कप वायला का गं तुझा?"

"घसा..."

"चार महिनं घसा?" त्यांनी काठी ओट्याला टेकवली. "आमच्या गावात हाटेलाच्या वळचणीला आमचा कप असाच पालथा असायचा. प्यायचं, आपणच धुवायचं, पुन्हा पालथा घालायचा. ते सोडून आलो आम्ही. ह्या घरात वायला कप कुणी मांडला?"

जयंतीला स्टेजवर उभी राहून पाण्याच्या हक्कावर भाषणं ठोकणारी मी. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातांनी, मी ती वळचण बांधली होती. लाज वाटली, इतकी की रडू फुटलं.

"माझ्या रक्तात रोग आहे, आत्याबाई," मी म्हणाले. "लिव्हरचा. दुसऱ्याला लागतो." कसा लागतो, कसा लागत नाही, ते सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

आत्याबाईंनी माझ्या हातातला कप घेतला. निम्मा चहा उरला होता. तो त्यांनी तळापर्यंत प्यायला आणि कप बाकीच्या खरकट्या भांड्यांत टाकला.

"वेड लागलंय का तुम्हाला!" मी ओरडलेच.

"कवा जायचंय डागदरकडं?" त्यांनी विचारलं.

त्या आठवड्यात गेलो. नवऱ्याला त्यांनीच सांगितलं, माझ्यादेखत, दोन वाक्यांत. त्याने उठून माझी फाइल मागितली.

रिपोर्ट घ्यायला आत्याबाईच सोबत आल्या. लिव्हर कडक व्हायला लागलं होतं, पण अजून हातचं गेलं नव्हतं. आणखी थांबला असता तर अवघड होतं, असं बाई म्हणाल्या. पुढे वर्षभर इंजेक्शनं घेतली, ताप सोसले, केस गळले, आणि तो विषाणू गेला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी फाइल पिशवीत घालून उठले, तरी आत्याबाई खुर्चीतून हलेनात. काठी दोन्ही हातांत धरून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, ह्ये उष्ट्यानं लागतं का वो?"

"नाही आजी. एका ताटात जेवलात तरी नाही."

आत्याबाईंनी मोठा श्वास सोडला आणि पदराने तोंड पुसलं. त्या रविवारी तो चहा पिताना त्यांना हे माहीत नव्हतं.