ढिगाच्या कडेला झोपवलेलं लेकरू

परवा जालन्यात एका लग्नाला गेले अन् मंगल कार्यालयाच्या दारातच थबकले... झालरी, लाइटिंग सगळं नवं, पण दगडी भिंती ओळखीच्या. ही तर कुंडलिका नदीच्या काठची आमची जुनी कापसाची जिनिंग, आई कामाला होती ती.

तिच्या भिंतीला लागून माझी शाळा होती. राज्य निजामाचं, शिकणं उर्दूतून. आई इकडं कापूस निवडायची, मी तिकडं अलिफ, बे घोकायची.

जेवणं उरकल्यावर पाहिलं, तर कोपऱ्यात गादीवर एक तान्हं झोपलेलं. कामाचे लोक खुर्च्यांची कव्हरं काढून त्याच्या अंगालगत फेकून राह्यले होते. ढीग वाढत होता... मी पळत जाऊन लेकरू उचललं. ते किंचाळून उठलं. त्याची आई माझ्याकडं असं बघायली, जशी मी चोरीच करून राह्यले.

माझा धाकटा भाऊ बबन रिटायर मास्तर आहे. तोही लग्नात होता. चार लोकांत म्हणाला, "अक्का, कशाला उठवलंस त्याला? अडाणी ती अडाणीच राह्यलीस."

हा टोमणा मी जन्मभर ऐकला. त्या दिवशी म्हटलं, "बस खाली मास्तर. आज मी शिकवते."

अन् सगळं सांगितलं. आमच्या लहानपणी जिनिंगात कामावरच्या बाया तान्ह्याला मोहरीएवढी अफू चाटवायच्या, म्हणजे दिवसभर झोपतं. आमची आईही चाटवायची. एक दिवस झोळी बांधायला जागा न्हाई, म्हणून तिनं बबनला कापसाच्या ढिगाच्या कडेला निजवलं.

दुपारच्या सुट्टीत मी बघायला आले, तर ढिगाला कडाच राह्यली नव्हती. कापसाची नवी गाडी तिथंच रिकामी केल्ती... आई पाठमोरी बसून कापूस निवडत होती. तिला पत्ताच न्हाई.

मी दोन्ही हातांनी उकरत सुटले. पाय सापडला, धरून ओढला. तोंड निळं, नाकात कापूस... अन् अफूमुळं आवाज बिलकुल न्हाई. आईनं थापट्या मारून मारून श्वास आणला.

दुसऱ्या दिवसापासून अफू बंद अन् माझी शाळाही बंद. आई एवढंच म्हणाली, "आता तूच बस त्याच्यापाशी." बसले. मराठी अक्षरं जुळवली ती पार म्हातारपणी, नातीच्या पुस्तकावरून.

बबनला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आईनं मला शपथ घातल्ती. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मंग हळूच म्हणाला, "अक्का, तू कुठपर्यंत शिकल्तीस?"

"जीमपर्यंत," म्हटलं. जीमच्या पुढं कोणतं अक्षर येतं, ते मी आजवर कुणाला विचारलं न्हाई.

तिकडं ते लेकरू अजून भोकाड पसरून होतं. त्याची आई चिडून मला म्हणाली, आता हे काही झोपत न्हाई.

म्हटलं, रडू दे बाई... छान रडतंय.